उद्यमनगरातली पट्टी आणि जॅझचा व्हायब्राफोन

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमची पट्टी कापून घेणं म्हणजे चहा येईपर्यंतचं काम. ३० सेंटिमीटर लांब आणि १ सेंटिमीटर जाड घ्या. रुंदी मिळेल ती चालेल, कारण स्वराशी तिचा जवळजवळ संबंध नसतो. टोक मुठीत गच्च धरून ठोकलीत, तर नुसतं ‘टक्’ होईल. तीच पट्टी दोन्ही टोकांपासून पावणेसात सेंटिमीटरवर जाड सुतळीच्या दोन वेढ्यांवर ठेवा आणि रबर गुंडाळलेल्या काठीने मधोमध टोला द्या. सेकंदाला सुमारे ५७५ कंपनांचा स्वर बराच वेळ घुमत राहतो.

वाजताना पट्टी डोळ्यांना दिसणार नाही इतकी वाकत असते. मध्य वर गेला की टोकं खाली, टोकं वर आली की मध्य खाली. प्रत्येक टोकापासून लांबीच्या २२.४ टक्क्यांवरच्या रेषा मात्र हलत नाहीत. खात्री करायची तर पट्टीवर बारीक मीठ भुरभुरा आणि वाजवत राहा, मीठ सरकत त्या दोन रेषांवर येऊन बसतं. व्हायब्राफोन म्हणजे अशाच धातूच्या पट्ट्या ओळीने मांडून काठ्यांनी वाजवायचं वाद्य. त्याची पट्टी तिथेच भोकं पाडून दोरीवर ओवलेली असते.

तरीही आपल्या पट्टीचा आवाज कानाला थोडा खटकतो. टोला मध्यापासून जरा बाजूला पडला, की तिच्या मूळ स्वराबरोबर २.७६ पट कंपनांचा दुसरा स्वरही वाजतो. मूळ स्वर षड्ज धरला, तर हा दुसरा तार सप्तकातल्या शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या मध्ये कुठेतरी लटकतो. जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांच्या गाण्यावर कान तयार झालेल्या गावात हे चालायचं नाही. यावरचा उपाय कारागिरीचा आहे. पट्टी खालच्या बाजूने मधोमध कमानीसारखी कोरायची. मध्य पातळ झाला की मूळ स्वर बराच उतरतो, दुसरा त्या मानाने कमी, कारण दुसऱ्या कंपनात मध्यबिंदू स्थिर असतो. दोघांचं प्रमाण बरोबर चौपट होईपर्यंत घासलं, की दुसरा स्वर दोन सप्तकं वरचा षड्ज होऊन मूळ स्वरात विरघळतो. स्वर जास्तच उतरला, तर टोकांकडचा धातू घासून चढवता येतो. चांगल्या व्हायब्राफोनच्या सगळ्या, म्हणजे साधारण ३७, पट्ट्या अशा घासून स्वरात आणलेल्या असतात.

प्रत्येक पट्टीखाली तळाशी बंद असलेली नळी उभी असते. तिची उंची त्या स्वराच्या तरंगलांबीच्या पाव हिश्शाएवढी. सर्वांत खालच्या स्वराला जवळपास ४९ सेंटिमीटर, सर्वांत वरच्याला सहाच्या आसपास. (समोरून दिसणारी नळ्यांची डौलदार कमान पुष्कळदा निव्वळ शोभेची असते. आतला बूच कुठे आहे, ते खरं.) नळीच्या तोंडाशी, कार्ब्युरेटरमधल्या थ्रॉटलसारखी, दांड्यावर फिरणारी चकती असते. मोटर दांडा फिरवते, चकती नळी उघडते आणि झाकते, आणि एका फेऱ्यात हे दोनदा घडतं. नळी उघडी असताना आवाज मोठा, झाकली की लहान. व्हायब्राफोनची ती प्रसिद्ध थरथर म्हणजे एवढंच. गायकाच्या आंदोलनात स्वर वरखाली होतो, इथे तो खिळल्यासारखा जागेवर असतो आणि फक्त त्याचा जोर कमीजास्त होतो.

१९२० च्या आसपास इंडियानापोलिसच्या लीडी कंपनीने हे वाद्य आणलं, तेव्हा पट्ट्या पोलादी होत्या. १९२७ मध्ये शिकागोच्या डीगन कंपनीतल्या हेन्री श्ल्युटर यांनी ॲल्युमिनियम वापरलं आणि पायाने दाबायचं पेडल दिलं. माझ्या मते मोटरपेक्षा हे पेडल महत्त्वाचं. इतका वेळ घुमणारे स्वर थांबवायची सोय नसती, तर जॅझच्या लयीत नुसता गलका झाला असता.

१९३० मध्ये ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगच्या ध्वनिमुद्रणात ड्रमर लायनेल हॅम्प्टनने हे वाद्य वाजवलं आणि ते जॅझमध्ये आलं. हॅम्प्टनची मोटर जलद, आघात ढोलकीवाल्याचा. मॉडर्न जॅझ क्वार्टेटच्या मिल्ट जॅक्सनने मोटर खूप संथ केली, त्यामुळे लांबवलेला स्वर श्वास घेतल्यासारखा फुलतो. मला हाच जास्त आवडतो. १९६० च्या दशकात गॅरी बर्टनने मोटर बहुधा बंदच ठेवली आणि दोन हातांत चार काठ्या धरून पियानोसारखे स्वरसमूह काढले. युरोपात संगीतकार आल्बान बर्गच्या ‘लुलू’ या ऑपेरात आणि पुढे बुलेझच्या रचनांतही व्हायब्राफोन आहे. आजचे वादक तर पट्टीच्या कडेवर व्हायोलिनसारखा गज ओढतात. आघातच नसल्याने स्वर कुठून सुरू झाला ते कळत नाही.

राहिली मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणं. जयपूर-अत्रौलीच्या श्रोत्याला हे वाद्य तिथेच अपुरं वाटेल, आणि त्याचं चुकत नाही. बर्टनने त्यावर एक युक्ती वापरली आहे. मऊ काठीने टोला द्यायचा, लगेच कठीण काठीचं डोकं स्थिर रेषेवर दाबून मध्याकडे सरकवायचं. काठीचं वजन पट्टीला चिकटल्यासारखं होतं, कंपनं मंदावतात आणि स्वर खाली घसरतो. ही घसरण फार तर अर्ध्या स्वराची असते, आणि काठी कशीही सरकवली तरी पट्टीच्या मूळ स्वराच्या वर चढता येत नाही.