बंदूक गेली, ठिणगी राहिली

एखादा खेळाडू एकदाच चमकला आणि पुन्हा दिसला नाही, की इंग्रजीत त्याला 'फ्लॅश इन द पॅन' म्हणतात. हा पॅन स्वयंपाकघरातला नव्हे. सोनं शोधणाऱ्यांच्या परातीतूनही हा वाक्प्रचार आलेला नाही, जरी तसं सांगितलं जातं. कॅलिफोर्नियात सोन्यासाठी झुंबड उडाली ती १८४९ च्या सुमारास. हे शब्द मात्र सतराव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्रजी लेखनात आहेत.

ते आले चकमकीच्या बंदुकीतून. नळीत दारू नि गोळी ठासायची, बाहेरच्या लहानशा वाटीत, म्हणजेच पॅनमध्ये, चिमूटभर बारीक दारू घालायची. या दारूला आपल्याकडे रंजक म्हणत. चाप ओढला की घोड्यात, म्हणजे बंदुकीच्या हातोडीत, अडकवलेली गार (ठिणगी पाडणारा दगड) पोलादावर आपटे, ठिणग्या रंजकीत पडत आणि जाळ बारीक छिद्रातून नळीत शिरे. छिद्र बुजलेलं असलं किंवा आतली दारू दमट असली, तर वाटीत नुसता भडका उडे, गोळी सुटतच नसे. म्हणजे मूळ अर्थ निव्वळ फसगतीचा. एकदा का होईना, यश मिळाल्याची छटा नंतरची.

'लॉक, स्टॉक अँड बॅरल' ऐकलं की मनात येतं कुलूप, दुकानातला माल आणि पिंप. प्रत्यक्षात ते याच बंदुकीचे तीन भाग: ठिणगी पाडणारी यंत्रणा, लाकडी दस्ता आणि नळी. तिन्ही मिळून अख्खी बंदूक, म्हणून अर्थ 'सगळंच्या सगळं'. घाईघाईने, पुरेशी तयारी न करता केलेल्या कामाला 'हाफ-कॉक्ड' म्हणतात, तेही इथलंच. घोडा अर्धा चढवून ठेवला की बंदूक सुरक्षित मानली जाई; तशातच बार उडाला, तर घात.

या बंदुकीचा शेवट मला फार विलक्षण वाटतो. अलेक्झांडर फोर्साइथ हा स्कॉटलंडमधला पाद्री शिकारीचा शौकीन होता. वाटीतला भडका दिसताच, गोळी पोहोचायच्या आत, पाखरं उडून जात. त्यावर उपाय म्हणून त्याने आघाताने पेटणारं रसायन वापरलं आणि १८०७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पुढच्या काही दशकांत गार आणि रंजकीची वाटी दोन्ही सैन्यांतून हद्दपार झाली. जो भडका नकोसा झाला म्हणून बंदूक बदलली, तोच भाषेत टिकून राहिला.

मराठीतही याचं भावंड आहे. चकमक म्हणजे मुळात आग पाडायची गार. शब्द तुर्कीतून आलेला. आज कुणाच्या खिशात ती नसते, पण सभागृहात दोन नेत्यांमध्ये शाब्दिक चकमक झडते, तेव्हा 'झडणं' हे क्रियापदसुद्धा ठिणग्यांचंच असतं.