सांगोल्याचे आबासाहेब आणि ‘सलग ११ वेळा’चा घोळ

२०२४च्या विधानसभा निवडणुकीत सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याची जागा शेकापने (शेतकरी कामगार पक्षाने) परत मिळवली. निवडून आला तो गणपतराव देशमुखांचा, म्हणजे आबासाहेबांचा नातू. राज्यात पक्षाला मिळालेली ही एकच जागा, त्यामुळे आबासाहेबांची आठवण निघणं साहजिक होतं. ही आठवण निघाली की ‘एकाच मतदारसंघातून सलग ११ वेळा, ५५ वर्षे आमदार, देशातला विक्रम’ हे वाक्यही हमखास येतं. त्यातला ११ हा आकडा तेवढा पक्का आहे. बाकीचं तपासून घ्यायला हवं, कारण त्यात सांगोल्याचा निम्मा इतिहास झाकला जातो.

आबासाहेब मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे. सांगोल्यात ते वकिलीसाठी आले आणि १९६२ साली तिथूनच पहिल्यांदा विधानसभेत गेले. १९६७ला पुन्हा. १९७२ला मात्र ते काँग्रेसच्या उमेदवाराकडून हरले. १९७४च्या पोटनिवडणुकीत लोकांनी त्यांना परत पाठवलं. पुढे १९७८, १९८०, १९८५ आणि १९९० अशा निवडणुका जिंकल्या. १९९५ला पुन्हा हार झाली, तीही अवघ्या १९२ मतांनी. १९९९पासून २००४, २००९ आणि २०१४ धरून आणखी चार विजय. बेरीज केली तर १३ लढती, ११ विजय, २ पराभव. पोटनिवडणूक वगळली तर ही संख्या १० होते, पण ती वगळायचं कारण नाही. लोकांनी मतं दिली होती, सभागृहात शपथ झाली होती.

म्हणजे ‘सलग’ हा शब्द चुकीचा आहे. वर्षांचंही तसंच. १९६२ ते १९७२ ही दहा, १९७४ ते १९९५ ही साधारण एकवीस आणि १९९९ ते २०१९ ही वीस. एकूण एक्कावन्नच्या आसपास. ५५ हा आकडा पराभवाची वर्षं पुरती वजा न केल्याशिवाय येत नाही.

‘देशातला विक्रम’ हे प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. २०१४ साली आबासाहेब अकराव्यांदा निवडून आले तेव्हा तमिळनाडूचे एम. करुणानिधी १२ वेळा आमदार झालेले होते, पण वेगवेगळ्या मतदारसंघांतून. मग एकाच मतदारसंघाचा निकष लावावा, तर केरळात पाला इथून के. एम. मणी १९६५पासून २०११पर्यंत १२ वेळा निवडून आले होते. त्यातही एक मेख आहे: १९६५ची केरळ विधानसभा भरलीच नाही, निवडून आलेल्यांना सभागृहात बसताच आलं नाही. ती निवडणूक सोडली तर मणींचेही अकराच. म्हणजे २०१४ साली फार तर बरोबरी म्हणता येते, आणि २०१६ला मणी पुन्हा जिंकल्यावर तीही उरत नाही. महाराष्ट्रापुरता विक्रम मात्र निर्विवाद आहे.

मला स्वतःला त्या दोन पराभवांचं मोल विजयांइतकंच वाटतं. ‘सलग’ म्हटलं की सांगोला हा कुणाची तरी जहागीर असल्यासारखा वाटू लागतो. तसा तो कधीच नव्हता. इथल्या लोकांनी या माणसाला दोनदा घरी बसवलं, आणि दोन्ही वेळा त्याने तालुका सोडला नाही. १९७२ला आमदारकी गेली आणि त्याच वर्षी महाराष्ट्राने शतकातला भीषण दुष्काळ पाहिला. १९९५ला गेली तेव्हा पाण्याची लढाई ऐन भरात होती.

ती लढाई हाच त्यांच्या कारकिर्दीचा गाभा. १९९३ साली आटपाडीत पाणी परिषद भरली आणि सातारा, सांगली, सोलापूरकडच्या तेरा दुष्काळी तालुक्यांची चळवळ उभी राहिली. आबासाहेब तिच्या पुढच्या फळीत होते. मागणी होती कृष्णेचं पाणी या तालुक्यांना समन्यायी पद्धतीने मिळावं, ही. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बचावत लवादाने महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं होतं आणि निवाड्याच्या फेरविचाराची वेळ २०००च्या मे अखेर येणार होती. तोवर पाणी अडवलं नाही तर हक्क सांगायचा कशावर, हा प्रश्न होता. १९९६ला कृष्णा खोरे विकास महामंडळ झालं, टेंभूसारख्या उपसा योजना कागदावरून हलल्या. पाणी प्रत्यक्ष माण नदीच्या खोऱ्यात उतरायला मात्र पुढची कितीतरी वर्षं गेली. तोवर तालुका जगला तो डाळिंबावर, खिलार जनावरांवर आणि सहकारी सूतगिरणीच्या पगारावर.

सत्तेत ते दोनदाच गेले. त्याआधी १९७७ला काही महिने विरोधी पक्षनेतेपद झालं होतं. १९७८ला पुलोदच्या (पुरोगामी लोकशाही दलाच्या) मंत्रिमंडळात ते मंत्री झाले, १९८०च्या फेब्रुवारीत ते सरकार बरखास्त झालं. १९९९ला काँग्रेस-राष्ट्रवादीच्या आघाडी सरकारात पुन्हा मंत्रिपद मिळालं. २००२ला रायगड जिल्ह्यातल्या स्थानिक सत्तेच्या वादातून पक्षाने पाठिंबा काढला आणि त्यांनीही मंत्रिपद सोडलं. वाद कोकणातला, किंमत मोजली दुष्काळी तालुक्याने, असं तेव्हा वाटलं असेल तर नवल नाही. त्यांनी मात्र पक्षाची शिस्त मानली. मला ते बरोबरच वाटतं.

२०१२ला विधिमंडळातल्या पन्नास वर्षांबद्दल त्यांचा गौरव झाला. २०१९ला वयामुळे ते उभे राहिले नाहीत. पक्षाने त्यांच्या एका नातवाला उमेदवारी दिली आणि तो ७६८ मतांनी हरला. निवडून आले ते १९९५ला आबासाहेबांना हरवणारेच, या वेळी शिवसेनेकडून. २०२२च्या बंडात ते गुवाहाटीला गेले, तिथला त्यांचा फोनवरचा संवाद देशभर पसरला आणि सांगोल्याचं नाव भलत्याच कारणाने घरोघरी पोचलं. तोवर आबासाहेब राहिले नव्हते. ३० जुलै २०२१ला सोलापुरात त्यांचं निधन झालं. २०२४ला जिंकला तो दुसरा नातू. त्याच्यापुढे आता मर रोगाने आणि खोडकिडीने उठलेल्या डाळिंबाच्या बागा आहेत, आणि टेंभू-म्हैसाळचं आवर्तन शेवटच्या गावापर्यंत वेळेवर पोचवण्याचं तेच जुनं काम.