एअर पिस्तुलाच्या सर्व्हिसिंगनंतर धूर का निघतो?

सर्व्हिसिंगनंतर स्प्रिंगच्या एअर पिस्तुलाचा आवाज वाढला, नळीतून धूर निघाला, की पिस्तूल ‘जोरात’ झालं असं अनेकांना वाटतं. खरं तर आत तेल जळत असतं.

चाप ओढला की स्प्रिंग पिस्टनला पुढे ढकलते आणि सिलिंडरमधली हवा काही मिलिसेकंदांत दाबली जाते. उष्णतेला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. हवा विसाव्या हिश्श्यात कोंबली गेली असं धरलं, तर नागपूरच्या मे महिन्यातल्या ४५ अंशांची हवा हिशोबाने ७८० अंशांच्या आसपास पोचते. प्रत्यक्षात आकडा कमी भरतो, पण खनिज तेलाची वाफ पेटायला तेवढी ऊब पुरते. म्हणून पिस्टनच्या टोकावरच्या वॉशरच्या (हवा अडवणाऱ्या चकतीच्या) पुढच्या भागात शिलाई मशीनचं तेल नको; सिलिकॉन तेलाचा एक थेंब बास. तेच सिलिकॉन तेल लोखंडावर लोखंड घासतं तिथे मात्र कुचकामी. स्प्रिंग, तिचा गाइड (तिला सरळ धरणारा दांडा) आणि पिस्टनची मागची कड यांना मॉलिब्डेनमचं काळं ग्रीस लावावं, तेही पुसून काढल्यासारखं पातळ.

उघडण्याआधी नळीत छर्रा नाही आणि पिस्तूल कॉक केलेलं (स्प्रिंग दाबून बार काढायला तयार ठेवलेलं) नाही, हे पाहून घ्या. तरीही स्प्रिंग आत थोडी दाबलेलीच असते. सिलिंडरचं मागचं टोपण धरून ठेवणारी पिन नुसती ठोकून काढली तर ते टोपण तोंडावर येतं. नागपुरात इतवारीच्या लोहा ओळीत, म्हणजे लोखंडी सामानाच्या बाजारात, सुतारकामाचा लांब क्लॅम्प मिळतो. त्यात टोपण दाबून धरायचं, पिन काढायची आणि क्लॅम्प हळूहळू सैल करायचा. डोळ्यांवर चष्मा हवाच.

काढलेली स्प्रिंग काचेवर लोळवून बघा. डगमगली तर वाकली आहे, बदला. चामड्याचा वॉशर उन्हाळ्यात सुकून आकसतो. चिरा नसतील तर सिलिकॉन तेलात भिजवल्यावर पुन्हा कामाला येतो. लोखंडी भाग रॉकेलने धुवा, रबरी वॉशरला ते लावू नका. कूलरसमोर भाग पसरून ठेवू नयेत, त्या दमट हवेत उघड्या लोखंडावर गंज धरतो.

नवे वॉशर बरेचदा बसवतानाच खराब होतात. सिलिंडरच्या लांब खाचेची धार पात्यासारखी असते आणि पिस्टन आत सरकवताना वॉशरची कड तिथे सोलली जाते. धार आधी बारीक पॉलिश पेपरने मारून घ्या, लोखंडाचा कीस पुसा, मग पिस्टन न फिरवता सरळ ढकला.

छर्रा न घालता चाप ओढू नये. पुढे अडवायला काही नसल्याने हवेची गादी तयार होत नाही, पिस्टन सिलिंडरच्या टोकावर आदळतो आणि वॉशर, स्प्रिंग दोन्ही लवकर जातात.

जोडल्यावर पहिले दहा-पंधरा बार थोडा धूर चालतो. पुढेही कडाडत राहिलं तर ग्रीस जास्त झालंय, पुन्हा उघडा. धूर नाही पण छर्रा मंद जातोय, तर नळीच्या सांध्यावर टिश्यूची पट्टी चिकटवून भक्कम आडोशावर एक बार काढा. पट्टी फडफडली तर तिथली ओ-रिंग (सांध्यातली रबरी कडी) बदला.