सुलाको कोसळलीच नव्हती!

'एलियन्स' या सायन्स फिक्शन सिनेमातलं (१९८६) सुलाको हे सैनिकांना नेणारं यान पुढच्या 'एलियन ३'मध्ये (१९९२) ग्रहावर आपटून नष्ट झालं, हे इतकी वर्षं लोक छातीठोक सांगतायत, पण तसं झालंच नाही हो. यानात आग लागते, मग कॉम्प्युटर नायिका रिप्ली, सैनिक हिक्स, छोटी न्यूट आणि यंत्रमानव बिशप यांना एका छोट्या एस्केप पॉडमधून (जीव वाचवायच्या यानातून) बाहेर फेकतो आणि फ्युरी १६१ या ग्रहावर आदळतो तो फक्त हा पॉड. तो सीन परत बघा, मोडकळलेल्या बिशपला रिप्ली विचारते की एलियन सुलाकोवरच राहिला की आपल्यासोबत आला, आता सुलाकोच कोसळली असती तर हा प्रश्न तिने विचारलाच नसता ना! मला तर ते रिकामं यान तसंच पुढे गेलं हेच जास्त चटका लावतं.