३८ जण खिडकीतून बघत बसले होते? नाही हो

"न्यूयॉर्कमधे एका बाईचा खून होताना ३८ शेजारी अर्धा तास बघत राहिले, एकानेही फोन नाही केला", ही स्टोरी सायकॉलॉजीच्या पुस्तकांपासून भाषणांपर्यंत सगळीकडे फिरतेय. बाई म्हणजे किटी जिनोव्हीज, १३ मार्च १९६४. खून खरा, पण ३८चं ते न्यूयॉर्क टाइम्सने दोन आठवड्यांनी छापलं आणि तिथून जे सुटलं ते सुटलंच.

झालं असं की पहाटे तीननंतरची वेळ, थंडी, बहुतेकांनी नुसता आरडाओरडा ऐकला, एकाने वरून "सोड तिला" म्हटल्यावर हल्लेखोर पळाला, किटी कशीबशी बिल्डिंगच्या मागे गेली आणि दुसरा हल्ला तिथे जिन्याच्या आत झाला, ते समोरच्या खिडक्यांतून दिसणार काय कपाळ! एका शेजाऱ्याने मात्र दार उघडून बघितलं, लावून घेतलं आणि पोलिसांच्या आधी ओळखीत फोन करत बसला. त्याला माफी नाही. पण सोफिया फरार ही शेजारीण धावत खाली गेली, किटीला धरून बसली, तिचं बातमीत नावच नाही!

२०१६ मधे टाइम्सने चूक मान्य केली. डार्ली आणि लाताने या दोन सायकॉलॉजिस्टचे १९६८चे प्रयोग मात्र वेगळे, लोक जास्त असले की मदत उशिरा येते हे त्यांनी लॅबमधे दाखवलं, ते या बातमीवर उभं नाही.