वेळेचा रकाना

चवथ आठ दिवसांवर आली म्हणून गणपतीच्या वर फळे-पाने टांगायची माटोळीची चौकट काढायला माळ्यावर चढलो, तर चौकटीखाली निळ्या पुठ्ठ्याची एक लांबट वही निघाली. कॉलेजच्या दिवसांतली. गोव्यातल्या अंत्रूज महालात (फोंडा तालुक्यात) एका तळ्यावर मी वर्षभर दर पंधरवड्याला जात असे, त्याच्या नोंदी. तारीख, पाण्याचे तापमान, सामू, विरघळलेला ऑक्सिजन, पाण्याची पारदर्शकता मोजायची सेकीची तबकडी किती खोलीवर दिसेनाशी झाली ते. अक्षर बरे आहे, खाडाखोड जवळजवळ नाही. तरीही वहीचा फारसा उपयोग नाही, कारण तिच्यात वेळेचा रकानाच नाही.

तेव्हा त्याचे काही वाटले नव्हते. लवकर जाग आली तर सातला तळ्यावर, बस चुकली तर अकराला, आणि घरी काही कार्य असले तर जेवून दुपारी. त्या नोंदींवरून एक पेपर लिहून मी एका जर्नलला पाठवला. काही महिन्यांनी तो परत आला. परीक्षकाने दोनच मुद्दे काढले होते. एक, नमुने दिवसाच्या कोणत्या वेळी घेतले ते लिहिलेले नाही. दोन, काम केवळ स्थानिक महत्त्वाचे आहे. पहिल्या मुद्द्यावर आज मी पूर्णपणे त्या परीक्षकाच्या बाजूचा आहे. दुसऱ्यावरून माझे भांडण अजून मिटलेले नाही.

आधी पहिला मुद्दा. ऊन चढले की पाण्यातली शैवाले आणि पाणवनस्पती प्रकाशसंश्लेषण करून ऑक्सिजन सोडू लागतात. सूर्य मावळला की हे उत्पादन बंद होते, पण खर्च थांबत नाही. मासे, किडे, चिखलातले जिवाणू आणि खुद्द ती शैवालेसुद्धा रात्रभर ऑक्सिजन वापरत राहतात. हवेशी समतोल साधलेल्या ३० अंश सेल्सियसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. पण हिरव्यागार झालेल्या तळ्यात तोच आकडा दुपारी बारा मिलिग्रॅमपर्यंत चढू शकतो आणि पहाटे दोन मिलिग्रॅमच्या खाली येऊ शकतो. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडझाप करताना दिसतात ते यामुळेच. म्हणजे एकाच तळ्याचे, एकाच दिवसाचे, दोन्ही खरे असलेले दोन आकडे: एकावरून तळे मरणपंथाला लागलेले दिसेल, दुसऱ्यावरून ठणठणीत.

मोजमाप काटेकोर होते, याचेच जास्त वाईट वाटते. हंगेरीच्या लायोश विंकलरने १८८८ मध्ये सांगितलेली पद्धत मी वापरली होती. काचेच्या बाटलीत बुडबुडा राहू न देता पाणी भरायचे, काठावरच त्यात मँगनीज सल्फेट आणि आयोडाइडचे अल्कधर्मी द्रावण सोडायचे. तपकिरी साका धरतो. पाण्यातला ऑक्सिजन जणू त्यात कोंडला जातो. मग प्रयोगशाळेत आम्ल घालून पिवळसर आयोडीन मोकळे करायचे, थेंब थेंब थायोसल्फेट सोडायचे आणि स्टार्चची निळाई ज्या थेंबाला नाहीशी होईल तिथे थांबायचे. दशांशापर्यंत अचूक आकडा मिळतो. तो सकाळचा की दुपारचा हे कुणालाच ठाऊक नसेल, तर त्या दशांशाचे काय करायचे?

पेपरमध्ये ‘पद्धती’ नावाचा जो कंटाळवाणा भाग असतो, तो याचसाठी. वाचक तो बहुतेक वेळा ओलांडून पुढे जातो, परीक्षक मात्र तिथेच ठाण मांडून बसतो. आमच्या घरी सोलकढीच्या कृतीत ‘मीठ अंदाजाने’ असे लिहिलेले चालते. खाणारे घरचेच असतात. पेपर वाचणारा मात्र दुसऱ्या खंडातला आणि चाळीस वर्षांनंतरचा असू शकतो. अँजेलो सेकी या रोमच्या धर्मगुरू-खगोलज्ञाने १८६५ मध्ये पोपच्या नौकेवरून भूमध्य समुद्रात पांढऱ्या तबकड्या सोडल्या. कल्पना अगदी साधी: तबकडी दिसेनाशी होते ती खोली म्हणजे पाण्याच्या पारदर्शकतेचे माप. पण त्याने तबकडीचा व्यास, आकाशातली सूर्याची उंची, नौकेची सावली यांनी काय फरक पडतो तेही तपासले आणि नोंदवले. तळ्यांवर आज बहुधा २० सेंटिमीटरची, काळ्या-पांढऱ्या चतकोरांची तबकडी वापरतात. माझ्या वहीत तबकडीचा व्यास आहे. सूर्याचा पत्ता नाही.

आता दुसरा मुद्दा, ‘स्थानिक महत्त्वाचे काम’. यावर माझे उत्तर म्हणजे रेमंड लिंडमन. अमेरिकेतल्या मिनेसोटात सीडर बॉग लेक नावाचे एक उथळ, दलदलीने भरत चाललेले तळे आहे. लिंडमनने काही वर्षे त्याच एका तळ्याचा पिच्छा पुरवला. पत्नी एलिनॉर मदतीला. कोण कोणाला खातो याची यादी करण्यापाशी तो थांबला नाही. सूर्यप्रकाशातून आलेली ऊर्जा वनस्पतीत किती गेली, वनस्पती खाणाऱ्यांपर्यंत किती पोचली, त्यांना खाणाऱ्यांच्या वाट्याला किती उरली, असा त्याने तळ्याचा जमाखर्च मांडला. आज शाळेच्या पुस्तकात ऊर्जेचा जो मनोरा असतो, त्याच्या पायाशी हा हिशेब आहे.

१९४१ मध्ये त्याने तो ‘इकॉलॉजी’ या जर्नलकडे धाडला आणि दोन परीक्षकांनी तो नाकारण्याची शिफारस केली. परीक्षक लहानसहान नव्हते. विस्कॉन्सिनचे चॅन्सी ज्युडे आणि मिशिगनचे पॉल वेल्च, दोघेही सरोवरविज्ञानातले दिग्गज. ज्युडेंनी शेकडो तळ्यांच्या नोंदी जमवलेल्या. त्यांच्या मते एवढ्याशा आधारावर एवढा मोठा सिद्धांत मांडणे घाईचे होते. आधी आणखी तळी मोजा. हा आक्षेप वेडगळ नव्हता, हेही सांगितले पाहिजे. पण येल विद्यापीठात लिंडमनला मार्गदर्शन करणाऱ्या हचिन्सन यांनी संपादकाला लांबलचक पत्र लिहून बाजू मांडली. संपादक थॉमस पार्क यांनी सुधारित लेख परीक्षकांचा कल डावलून स्वीकारला. ऑक्टोबर १९४२ मध्ये तो छापून आला. लिंडमन त्याआधीच, जूनमध्ये, यकृताच्या आजाराने गेला होता. वय २६.

एका संपादकाने धीर केला नसता तर हा हिशेबही कुठल्या तरी माळ्यावर पडून राहिला असता. आमच्याकडची तळी अशीच अडकतात, पण कारण थोडे वेगळे. या शास्त्राचे नाव रुळवणारा फोरेल स्वित्झर्लंडचा, त्याचे सरोवर लेमान, म्हणजे जिनिव्हा सरोवर. त्याच्या अभ्यासाचा पहिला खंड १८९२ चा. पुढची पिढी जर्मनी, स्वीडन, इंग्लंड, अमेरिकेतली. त्यामुळे पाठ्यपुस्तकातले ‘सर्वसाधारण’ सरोवर खोल आणि थंड असते, हिवाळ्यात गोठते, वसंतात आणि शरदात एकेकदा तळापासून ढवळून निघते. आमचे तळे दोन-तीन मीटर खोल. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मिरग लागला की तांबडे पाणी उतरते, चढणीचे मासे ओहोळातून उलटे वर धावतात, आणि कालपर्यंत तळ्यात असलेले पाणी बघता बघता वाहून गेलेले असते.

त्यात पाण्याचे एक वेगळेच वागणे. पाणी जितके गरम, तितकी एकेका अंशाने त्याची घनता जास्त बदलते. १० अंशांचे पाणी ११ वर गेले तर घनतेत जो फरक पडतो, त्याच्या तिपटीहून अधिक फरक २९ वरून ३० वर जाताना पडतो. म्हणजे थंड देशात ज्या एका अंशाकडे दुर्लक्ष करता येईल, तो एक अंश आमच्या तळ्यात वरचे पाणी वर आणि खालचे खाली ठेवायला पुरू शकतो. दुपारी थर बसतो, रात्री गारव्याने तो मोडतो, दुसऱ्या दुपारी पुन्हा बसतो. लेमानला ऋतू बदलण्याची वाट पाहावी लागते, आमच्याकडे तेच नाटक रोजचे असू शकते. याला ‘स्थानिक’ म्हणायचे असेल तर गोठणारे सरोवरही स्थानिकच की! फक्त ते स्थान वेगळे.

मला सर्वांत जास्त खुणावतो तो आमचा लोखंडी चिखल. १९४१-४२ मध्ये, ऐन युद्धात, क्लिफर्ड मॉर्टिमर याने इंग्लंडमधल्या सरोवरांच्या चिखलावर काम प्रसिद्ध केले. चिखलाला ऑक्सिजन मिळत असतो तोवर त्यातले गंजलेले लोह फॉस्फेटला धरून ठेवते. ऑक्सिजन संपला की लोहाचे रूप बदलते, ते विरघळते आणि धरलेले फॉस्फेट पाण्यात सुटते. फॉस्फेटमधला फॉस्फरस हे गोड्या पाण्यातल्या शैवालांचे बहुधा सर्वांत तुटीचे खाद्य. कॅनडात डेव्हिड शिंडलर याच्या गटाने १९७३ मध्ये एका तळ्याला मधोमध पडदा लावला, दोन्ही बाजूंत कार्बन आणि नायट्रोजन घातले, फॉस्फरस मात्र एकाच बाजूला. तीच बाजू हिरवी झाली. विमानातून घेतलेल्या त्या एका फोटोने साबणातल्या फॉस्फेटवरच्या वादाचा सूरच बदलला. आमच्याकडे जांभ्याची माती म्हणजे लोहाचे कोठार. त्यात मानस (पाणी अडवायचे-सोडायचे दार) घालून पाणी अडवायचे, वायंगणाला (पावसाळ्यानंतरच्या भातपिकाला) द्यायचे, उन्हाळ्यात तळ उघडा पडून त्याला भेगा जायच्या, ही गावोगावची रीत. उघड्या पडलेल्या तळाला हवा लागते. मग तिथले लोह दरवर्षी नव्याने गंजते का, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर फॉस्फरस अधिक घट्ट धरून ठेवते का? मानस कायमची बंद ठेवून, बारमाही पाणी राखून, नौकाविहार सुरू केला तर हीच तळी लवकर हिरवी पडतील का? या प्रश्नाचे उत्तर लेमानच्या काठी मिळणार नाही.

छापील शब्दाला कायद्यातही वजन येते. २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांतून सिंचनासाठी, पिण्याच्या पाण्यासाठी किंवा करमणुकीसाठी मुद्दाम बांधलेले जलसाठे वगळले आहेत. भातशेतीही वगळली आहे. म्हणजे पेपरात कुणी सहज ‘सिंचनासाठी बांधलेले तळे’ असे लिहून गेला, तर उद्या तेच वाक्य तळ्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढे येऊ शकते. गोव्यातली तळी पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हातून गेली आहेत, म्हणून हा धोका इथे खरा आहे. कुडचड्याचे नंदा तळे २०२२ मध्ये गोव्याचे पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाले. क्षेत्र ४२ हेक्टर. तेही मानशीचे पाणी, खाली भातशेती, पात्रात मासेमारी. रामसरच्या यादीत त्याची नोंद मात्र हंगामी गोड्या पाण्याची दलदल अशी झाली आहे. शब्द नेमका निवडला की असे होते.

पैशांचा विषय मी लवकर आटोपतो, कारण चीड येते. वाचकाला फुकट वाचता यावे म्हणून लेखकाकडून शुल्क घेण्याची पद्धत आता रूढ आहे. ‘नेचर’ने २०२० मध्ये ते ९५०० युरो जाहीर केले. तळ्यावर बाटल्या घेऊन फिरणाऱ्या विद्यार्थ्याने तो आकडा नुसता वाचावा. दुसऱ्या टोकाला पैसे घेऊन काहीही छापणारी दुकाने. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये आपल्या मान्य यादीतून एकदम ४३०५ जर्नले काढून टाकली, यावरून पसारा कळतो. २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेत सरकारी संस्थांना सुमारे १३ हजार जर्नले वाचता येतात. वाचण्याची सोय झाली, हे चांगलेच. छापण्याची अडचण तिथेच आहे.

मग न छापलेल्या वह्यांचे काय? सायबेरियातल्या बैकाल सरोवराची गोष्ट मला इथे धीर देते. मिखाइल कोझोव याने १९४५ च्या सुमारास दर आठवडा-दहा दिवसांनी एकाच जागी नमुने घ्यायला सुरुवात केली. त्याच्यामागे मुलगी ओल्गा, तिच्यामागे नात ल्युबोव. तीन पिढ्या, साठ वर्षे, बर्फ फोडूनसुद्धा. २००८ मध्ये अमेरिकी सहकाऱ्यांसह तो साठा इंग्रजीत प्रसिद्ध झाला, आणि एवढे अवाढव्य सरोवरही तापते आहे हे जगासमोर आले: १९४६ पासून पृष्ठभागाचे पाणी १.२१ अंशांनी वाढलेले. जपानच्या सुवा सरोवरावर तर शिंतो पुजाऱ्यांनी १४४३ पासून बर्फ कधी धरले त्याच्या तारखा लिहून ठेवल्या. ते काही वैज्ञानिक नव्हते, पण २०१६ मध्ये त्याच तारखांवर शोधनिबंध उभा राहिला.

आपल्याकडे शिंतो पुजारी नाहीत, पण कोमुनिदादी, म्हणजे गावाच्या जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या गावसंस्था, आहेत. मानशीवरच्या मासेमारीची पावणी (लिलाव) व्हायची, आणि पावणी म्हटली की कागद आला, तारीख आली, बोलीची रक्कम आली. करमळी स्टेशनला गाडी थांबली की मी दरवेळी तळ्याच्या बाजूची खिडकी धरतो. अडई बदके, जांभळ्या पाणकोंबड्या, कमळपक्षी मोजतो आणि मनात म्हणतो, इथल्या कुठल्या तरी दप्तरात या पाण्याच्या तारखा असतील.

माझ्या वहीपुरते मी एक केले. युरोपातली सर्न ही संस्था ‘झेनोडो’ नावाचे एक मोफत भांडार चालवते. तिथे कुणीही आपल्या नोंदी ठेवू शकतो. प्रत्येकीला कायमचा क्रमांक मिळतो. चवथ झाल्यावर वहीचे पानन्‌पान स्कॅन केले आणि आकडे तक्त्यात भरले. तबकडीचा व्यास, रसायनांची तीव्रता, तळ्यात कुठे उभा राहिलो ती जागा, आठवले तेवढे सगळे लिहिले. नवा एक रकाना घातला, ‘वेळ’. चोवीस ओळी होत्या. चोवीस वेळा टाइप केले, ‘नोंद नाही’.