उंबराच्या आतली वस्ती

बरेच दिवस न भेटलेल्या माणसाला आपण म्हणतो, "काय रे, उंबराचं फूल झालास!" खरं तर उंबराला फुलं येतात, तीही शेकड्यांनी. खोडाला लगडलेलं ते हिरवं गोल 'फळ' म्हणजेच आत वळलेला फुलोरा. सगळी फुलं आतल्या भिंतीला, काळोखात. तिथे वारा पोचत नाही, मधमाशीही नाही.

पोचते ती सेराटोसोलेन नावाची माशी. गांधीलमाशीच्या गणातली, पण जेमतेम दोन मिलिमीटरची. फुलं तयार झाली की उंबर एक खास गंध सोडतो. त्या मागावर मादी येते आणि टोकाच्या बारीक छिद्रातून आत घुसते. वाट इतकी अरुंद, की पंख तिथेच तुटतात. आत ती सोबत आणलेले पराग फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. अंडी पडलेल्या फुलांत तिची पिल्लं वाढतात, बाकीच्यांत बी धरतं. काही आठवड्यांनी आधी बिनपंखी नर बाहेर येतात. माद्यांशी मीलन करतात, उंबराच्या भिंतीला भोक पाडतात आणि त्यांचं आयुष्य संपतं. माद्या पराग घेऊन त्या भोकातून उडतात. पिकला उंबर फोडल्यावर दिसणारे 'किडे' ते हेच. त्यांच्यावाचून उंबराला बी नाही, आणि उंबरावाचून त्यांना घर नाही.

या घरावर डोळा ठेवून असणारेही आहेत. काही माश्या पराग न देता बाहेरूनच लांब सुईसारखी नळी खुपसून अंडी घालतात. पानं शिवून घरटी करणाऱ्या लाल मुंग्या खोडावर फिरताना अशांना टिपतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रेनी बोर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंबराभोवतीच्या या व्यवहारांचा अनेक वर्षं अभ्यास केला आहे. जर्मन जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यांनी १८६६ मध्ये 'इकॉलॉजी' हा शब्द घडवला, तो अशाच नात्यांच्या अभ्यासासाठी.

पिकल्यावर तर झाडावर जत्राच भरते. हरियाल, तांबट, धनेश, माकडं, रात्री वटवाघळं. ओढ्यात पडलेले उंबर माशांना. रानात इतर फळं नसतात तेव्हाही कुठला ना कुठला उंबर पिकलेला असतो, म्हणून अशा झाडाला कळीची प्रजाती (कीस्टोन), म्हणजे जिच्यावर इतर अनेकांचं जगणं टेकलेलं असतं अशी प्रजाती, म्हणतात.

पण एका झाडावरचे उंबर बहुधा एकाच सुमारास तयार होतात. बाहेर पडलेल्या मादीच्या हाती फार तर एक-दोन दिवस, आणि तिला हवा असलेला कोवळा उंबर असतो दुसऱ्याच झाडावर. दत्ताचं झाड म्हणून औदुंबरावर कुऱ्हाड पडत नाही, याचं मला फार मोल वाटतं. तरी पारावरचा एकटा औदुंबर राखून भागत नाही. ओढ्याकाठची, बांधावरची, वेगवेगळ्या वेळी बहरणारी झाडंही लागतात. अंतर मात्र या माश्या अचाट तोडतात. नामिबियाच्या वाळवंटात उंबराच्या एका आफ्रिकी भावंडावर संशोधकांनी पाहिलं, की वाऱ्यावर स्वार होऊन त्याच्या माश्या १६० किलोमीटरपर्यंत पोचतात.

पाखराच्या विष्ठेतून बी गडाच्या बुरुजाच्या भेगेत पडतं, रुजतं, वर्षांनी पहिल्यांदा लगडतं. आसपास दुसरा उंबर दिसत नाही. तरी एखाद्या सकाळी त्या कोवळ्या उंबराच्या तोंडाशी तुटलेले पंख चिकटलेले सापडतात.